एक थार, तीन संच टायर: सिमेंट रस्ता ते काळी माती

२१ मे

थारचे टायर बदलायला आले. खोली मोजायच्या गेजने चारही चाकं तपासली. पुढे ३ मिमी, मागे त्याहून थोडी कमी. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, आणि नक्षीच्या खाचेत तेवढ्याच उंचीची जी बारीक पट्टी दिसते ती त्याचीच खूण. पण ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारायची ताकद त्याच्या कितीतरी आधी कमी होते. मृग तोंडावर आहे, त्यामुळे बदलायचे हे पक्कं. कोणते घ्यायचे, एवढंच ठरायचंय.

गाडी आठवडाभर नागपुरात मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी अशी सिमेंटच्या आणि डांबरी रस्त्यांवर चालते. सुटीच्या दिवशी काटोलकडच्या पांदणी, म्हणजे शेतात जायच्या कच्च्या वाटा, नाहीतर रामटेक-मनसरच्या बाजूचे मुरमाचे रस्ते. आमच्या मित्रमंडळात जुन्या थार तीन आहेत, तिन्ही २३५/७० आर १६ मापाच्या (रुंदी २३५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ७० टक्के, रिम १६ इंची). एका मित्राने नुकतेच एचटी म्हणजे हायवे टायर टाकलेत, दुसऱ्याकडे एटी म्हणजे ऑल टेरेन, आणि काटोलच्या काकांनी संत्र्याच्या बागेत जायला एमटी, म्हणजे मड टेरेन बसवलेत. तिन्ही संच जवळजवळ नवे. तेव्हा ठरलं की रिमसकट चाकं आळीपाळीने माझ्याच गाडीवर चढवायची. गाडी तीच, चालवणारा तोच, हवा सारखी. मग जो फरक जाणवेल तो टायरचाच असेल.

माप वाढवायचं नाही, हेही आजच ठरवून टाकलं. २४५/७५ आर १६ दिसायला भारदस्त दिसतो, पण हिशेब केला तर सध्याच्या टायरचा व्यास सुमारे ७३५ मिमी आणि त्याचा ७७४. म्हणजे पाच टक्के वाढ. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ ने धावत असेल, गिअर तेवढे जड होतील, ब्रेकला जास्त मोठं चाक थांबवावं लागेल. कंपनीने मान्य केलेल्या मापाबाहेर गेल्यावर आरटीओ आणि विम्याचा प्रश्न वेगळाच. शिवाय पुढे एक जातीचे, मागे दुसऱ्या जातीचे टायर टाकून फोरव्हील लावायचं, हे तर अजिबात नको. या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शिअल नाही. पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरात थोडाही फरक असला तरी त्याचा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर येतो.

२४ मे

आज फक्त हवा.

पहाटे सावलीत, गाडी रात्रभर उभी असताना, चारही चाकांत ३० पीएसआय भरले. दुपारी रिंग रोडला फेरी मारून परत मोजले तर काटा ३५ च्या आसपास. टायर, रिम, आतली हवा, सगळंच तापलेलं. साधारण पाच-सहा अंशांमागे एक पीएसआय वाढतो हे गणित नागपूरच्या उन्हात चांगलंच पटतं. पंपावरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, जास्त झाली, काढू का थोडी?" नको म्हटलं. तापलेल्या टायरची हवा काढली की रात्री थंड झाल्यावर तो कमी भरलेला राहतो, आणि कमी भरलेला टायर दुसऱ्या दिवशी हायवेवर जास्त वाकतो, जास्त तापतो. मे महिन्यात रस्त्याच्या कडेला टायरच्या चिंध्या दिसतात त्यामागे हे कारण पुष्कळदा असतं. हवा जास्त असण्यापेक्षा कमी असणं धोक्याचं.

नायट्रोजनबद्दलही तिथे बोलणं निघालं. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन कोरडा असतो, हळू झिरपतो, हे खरं. पण उन्हात त्याचाही दाब तसाच चढतो. आठवड्याला सकाळी गेज लावणाऱ्याला साधी हवा पुरते.

१ जून

वाडीच्या टायरवाल्याकडे तिन्ही चाकं शेजारी शेजारी उभी करून नीट पाहिली. ही एक गोष्ट टायर घेणाऱ्या प्रत्येकाने करावी, कारण दुकानातल्या फळीवर टायर एकटा पाहिला की तो चांगलाच वाटतो.

एचटीच्या नक्षीचे ठोकळे जवळ जवळ, मधल्या बरगड्या जवळपास अखंड, आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक चिरा. त्यांना साइप म्हणतात. ओल्या रस्त्यावर त्या चिरांच्या कडा उघडतात आणि पाण्याचा पातळ थर फोडून रस्ता धरतात. एटीवर ठोकळे मोठे, खाचा रुंद, चिरा आहेत पण कमी. एमटीवर अंगठा आडवा जाईल एवढ्या खाचा, ठोकळे सुटे सुटे, चिरा जवळपास नाहीत, आणि खांद्याची नक्षी बाजूच्या भिंतीवर खाली उतरलेली. खोली मोजली: एचटी ८ मिमी, एटी ११, एमटी १४ ला टेकलेली.

बाजूचे आकडेही वाचले. एचटी आणि एटी १०६टी: १०६ म्हणजे एका टायरवर ९५० किलो, टी म्हणजे ताशी १९० किमीपर्यंत. एमटीवर एलटी, म्हणजे लाइट ट्रक, लिहिलंय आणि वेगाचं अक्षर क्यू, म्हणजे १६०. एलटी टायरचा सांगाडा जाड असतो, आणि तेवढंच वजन पेलायला त्याला हवाही थोडी जास्त लागते. हे दुकानदार सहसा सांगत नाहीत. बनावटीची तारीख मात्र चार आकड्यांत प्रत्येक टायरवर असतेच. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३२२४ असेल तर २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. सेलमधला टायर घेताना आधी हे चार आकडे पाहावेत.

८ जून

रामटेकच्या बाजूला, कोरड्यात. पूर्वेकडे गेलं की नागपूरची जमीन बदलते. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आणि त्याच्यावरची काळी माती. इकडे जुने खडक, लाल मुरूम, आणि मनसरच्या खाणपट्ट्याकडे गारगोटीचे पांढरे तुकडे रस्त्यावर पसरलेले. गारगोटी फुटते ती काचेच्या धारेने.

हवा तिन्ही वेळा २४. एचटी मुरमाच्या चढावर दोनदा घसरला, फोरव्हील लावल्यावर गेला. एटी आणि एमटी यांच्यात चढावर काहीच फरक पडला नाही. फरक दिसला उतरून टायर पाहिल्यावर. एचटीच्या बरगडीतून रबराचे दोन टवके निघालेले. एटीच्या खाचेत खडे अडकले होते, पण तळाशी असलेल्या छोट्या उंचवट्यांमुळे ते काडीने सहज निघाले. रबर शाबूत. एमटीला काही झालं नाही.

२२ जून

पहिला चांगला पाऊस. पहाटेच एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. सुटीमुळे वर्दळ नव्हती, दोन्ही टोकांना मित्र उभे. माझ्या गाडीला एबीएस नाही, म्हणून ताशी ५० वरून चाक लॉक होणार नाही असा जपून पण पूर्ण ब्रेक. जिथे थांबलो तिथे खडूची रेघ.

एचटी सगळ्यात आधी थांबला. एटी त्याच्या पुढे अर्धी गाडी. एमटीची रेघ एटीच्याही पुढे एका गाडीपेक्षा जास्त अंतरावर पडली, आणि शेवटच्या टप्प्यात स्टिअरिंग हलकं झाल्याचं हाताला कळलं. पुन्हा केलं, क्रम तोच.

कारण दुकानातच दिसलं होतं. सिमेंटवर पाण्याचा नुसता ओलावा असतो तेव्हा खोल खाचांचा उपयोग नसतो. तिथे लागतात चिरांच्या कडा आणि रस्त्याला टेकलेलं जास्तीत जास्त रबर. एमटीचं निम्म्याच्या जवळपास तोंड तर खाचांचंच. साचलेल्या पाण्यात, चाक तरंगायची भीती असते तिथे, त्याच खाचा पाणी गिळतात आणि एमटी बरा पडतो. पण नागपुरात जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावर जे असतं ते पाणी, धूळ आणि ऑइल यांचं मिश्रण. चौकात पुढची ॲक्टिव्हा अचानक थांबते तेव्हा ती एका गाडीची लांबी म्हणजे सगळं काही. आजच्या रेघा पाहिल्यानंतर रोज शहरात चालणाऱ्या गाडीला एमटी टाका असं मी कुणालाही म्हणणार नाही.

१३ जुलै

काटोल. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती काळी माती.

काकांची पांदण सांगायला हवी. डांबरी सोडल्यावर पहिला टप्पा बरड, म्हणजे वीतभर मातीखाली लगेच मुरूम. मग उतार, आणि खाली नाल्याच्या अंगाला भारी जमीन. तिथे काठी खुपसली तर हातभर आत जाते नि तळ लागत नाही. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, ती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आक्रसते नि भेगाळते. फुगलेली असताना ती घसरडीही असते आणि चिकटही. चप्पल घालून दहा पावलं चाललं की प्रत्येक पायाला किलोभर माती.

तीच गत टायरची. एचटी, हवा ३०: चाकाच्या दोन फेऱ्यांत नक्षी गायब. खाचा गच्च भरल्या, वर काळा, चकचकीत, गुळगुळीत गोल. बरडावरच गाडी आडवी व्हायला लागली, मागे घेतली. एटी, हवा ३०: बरड पार, भारी जमिनीत शिरून थोड्या अंतरावर बसली. एमटी, हवा ३०: बरडावर अप्रतिम. मोठ्या ठोकळ्यांनी वरची माती कापली, खालच्या मुरमाला पकड मिळाली आणि गाडी रुळावर चालल्यासारखी सरळ गेली. पण भारी जमिनीत हीच कापायची सवय नडली. खाली मुरूम नाहीच, त्यामुळे चाकं फिरत राहिली, माती मागे उडत राहिली, आणि गाडी डिफरन्शिअलच्या गोळ्यावर टेकली. ट्रॅक्टरने ओढली.

काका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून पाहत होते. म्हणाले, "अरे, टॅक्टरच्या टायरले पाह्य ना, खाली कसा फुगते. तुहा तर दगडावानी कडक हाय. काढ ना हवा!"

मला तीच चाचणी पुढे करायची होती. चारही चाकं १८ वर आणली. रेडियल टायरच्या भिंतीतले धागे आडवे, एका कडेपासून दुसरीपर्यंत जातात, म्हणून भिंत सहज वाकते. हवा काढली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग रुंदीत थोडाच वाढतो, लांबीत मात्र खूप. गाडीचं तेवढंच वजन जास्त जागेवर पसरतं, चाक कमी रुततं. शिवाय ठोकळे दर फेरीला उघड-मीट करतात आणि अडकलेली माती सुटते. ट्रॅक्टरचा मागचा टायर हेच करतो.

एटी, हवा १८: ज्या जागी बसली होती ती जागा ओलांडून नाल्यापर्यंत गेली, दुसऱ्या गिअरमध्ये, लो रेंजला (हळू पण जास्त ओढीला), एकदाही न थांबता. एमटी, हवा १८: त्याहून निवांत. आणि एचटी, ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती, तोही १८ वर बरड पार करून भारी जमिनीच्या मध्यापर्यंत पोचला. म्हणजे एमटी ३० वर जिथे रुतला, त्याच्याही पुढे.

एमटी सगळ्यांत सरस, यात शंका नाही. पण नक्षी बदलून जेवढं मिळालं त्याहून जास्त हवा बदलून मिळालं, आणि त्याला लागला एक गेज नि दहा मिनिटं. चिखलाला एमटीच हवा, हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. भारी जमिनीपुरतं तरी ते अर्धंच खरं आहे.

अठराच्या खाली गेलो नाही. साध्या रिमवर पंधराच्या खाली टायरची कड सुटायची भीती असते, विशेषतः चाकोरीत गाडी तिरपी असताना.

१४ जुलै

सकाळी पांदण पाहिली. एटी आणि एमटी १८ वर गेले त्या ठिकाणी चाकोरी चार बोटं खोल. एमटी ३० वर फिरत राहिला तिथे गुडघाभर खड्डा, त्यात पाणी. या रस्त्याने उद्या शेजारच्यांची बैलगाडी जाणार, खताच्या गोण्या जाणार. आम्ही दोन ट्रॉली मुरूम आणून खड्डा भरला, वरून ट्रॅक्टर फिरवला. पावसाळ्यात कुणाच्या पांदणीवर चाचण्या करायच्या तर मुरमाची सोय आधी करावी, आणि कुणाच्या वावरात तर उतरूच नये. टायर किती पुढे गेला याच्या शेजारी त्याने मागे काय ठेवलं हाही रकाना मी वहीत आजपासून वाढवलाय.

२७ जुलै

समृद्धी महामार्ग, नागपूर टोकाकडून वर्ध्याच्या पुढपर्यंत नि परत. ७०१ किमीचा हा रस्ता सिमेंटचा आहे आणि गाड्यांना ताशी १२० ची मुभा आहे. आम्ही ९० वर राहिलो, डाव्या बाजूने. मध्यंतरी इथे टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर प्रवेशाच्या ठिकाणी आरटीओने टायर तपासायला सुरुवात केली होती, झिजलेल्या टायरच्या गाड्या परतही पाठवल्या. ते योग्यच होतं.

आवाज: एचटीवर इंजिन ऐकू येतं. एटीवर ७० नंतर बारीक गुणगुण, गाणी लावली की विसरायला होते. एमटीवर ६० पासूनच घरघर सुरू, ९० वर शेजाऱ्याशी मोठ्याने बोलावं लागतं. तासाभराने डोकं जड झालं. डिझेलमध्ये एमटीवर लिटरमागे किलोमीटरभर फटका, एटीवर अगदी थोडा. एमटीच्या चाकाला बॅलन्सिंगची वजनंही जास्त लागली होती.

पांदणीवरून थेट हायवेला येणाऱ्यांसाठी: १८ वर ५०-६० च्या पुढे जाऊ नका. काटोलहून परतताना डांबरीवर चढायच्या आधी कंप्रेसर लावून ३० करायला आम्हाला अर्धा तास गेला, तो जाऊ द्यायचाच. १२ व्होल्टचा, थेट बॅटरीला लागणारा घ्यावा. लायटरच्या सॉकेटवरचा लहान कंप्रेसर चार चाकांत गरम होऊन बंद पडतो.

५ ऑक्टोबर

माझ्या गाडीला नवे एटी बसवले, माप तेच, पाचवं चाकही त्याच टायरचं. अलाइनमेंट करून घेतली. काकांनी एमटीच ठेवले, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांची गाडी बाग आणि गाव सोडून जात नाही, आणि पांदणीचा निम्मा भाग बरड आहे, जिथे एमटीची कापणी कामाला येते. त्यांना एवढीच विनंती केली की नागपूरला पावसात येताना पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. एचटीवाला मित्र शहरातच फिरतो, त्याला काही बदलायचं कारण नाही.

११ जानेवारी

दोन नव्या गोष्टी कळल्या म्हणून नोंद.

पहिली थंडीची. ऑक्टोबरमध्ये नवे टायर बसवताना ३० भरलेली हवा आज पहाटे २७ ला होती. गळती कुठे नाही, पारा दहाच्या आसपास असल्यामुळे आहे. भरून घेतली.

दुसरी जास्त महत्त्वाची. काटोलला तूर कापून झाली आहे. वळताना एचटीवाल्या मित्राची गाडी धुऱ्याच्या कडेने तुरीच्या ओळीत उतरली, हवा १८, आणि भिंत फाटली. खाली बसून तो खुंट पाहिला. विळ्याच्या तिरक्या वाराने कापलेला, वाळून टणक झालेला, पेन्सिलएवढा जाड, टोक सरळ वर, चाकाकडे. हवा कमी असल्यामुळे टायरची भिंत बाहेर फुगली होती आणि खुंट नेमका तिथे शिरला. तोंडाच्या नक्षीत शिरला असता तर पंक्चरवाल्याने वात घालून दिली असती. भिंतीचं पंक्चर निघत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो.

तेव्हा जुलैतला १८ चा आकडा बारमाही नाही. ओल्या पांदणीला १८, आणि तूर-पऱ्हाटीचे खुंट, बाभळीचे काटे किंवा गारगोटी असेल तिथे २४ च्या खाली नाही, गाडी थोडी उसळली तरी चालेल. दोन्ही आकडे दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेत. एटीची खोली आज १० मिमीच्या वर आहे. पुढचं-मागचं चाक अदलाबदल फेब्रुवारीत, पुढची मोजणी मृगाच्या आधी.